मिळून आला नाही

चहा आला तेव्हाच मला कळलं, की माने वकील माझी केस घेणार नाहीत. ज्याची केस घ्यायची त्याच्याकडं वकील आधी कागद मागतात. चहा मागवतात तो पाहुण्याला.

"घ्या वहिनी, गार होतोय," ते म्हणाले. "इकडं येताय ते दिगंबररावांना सांगितलंत का?"

"त्यांच्याविरुद्धच यायचं आणि त्यांनाच सांगून यायचं?"

"तसं नाही हो. पण संसार म्हटला की थोडंफार चालायचंच."

मी पदर बाजूला सारून डावं कोपर दाखवलं. चार महिने झाले होते, तरी हात सरळ होत नव्हता. "हे थोडंफार आहे होय?"

माने खिडकीबाहेर बघायला लागले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "वहिनी, खरं सांगू? माझी चाळीस समन्सं आत्ता दिगंबररावांच्या पिशवीत आहेत. उद्या त्यातलं एकही जागेवर पोचलं नाही, तर माझे पक्षकार माझाच गळा धरतील. समजून घ्या."

मी समजून घेतलं. चहा मात्र घेतला नाही.

माझा नवरा, दिगंबर शेटे, आमच्या तालुक्याच्या कोर्टात बेलिफ होता. म्हणजे न्यायाधीशही नव्हे आणि वकीलही नव्हे, पण त्याच्यावाचून दोघांचंही पान हलायचं नाही. कोर्टानं काढलेलं समन्स ज्याच्या नावाचं त्याच्या हातात नेऊन द्यायचं, सही घ्यायची आणि तसा अहवाल लिहून द्यायचा, हे त्याचं काम. समन्स पोचलं तर केस पुढं सरकते. नाही पोचलं तर तारीख पडते. असा माणूस ज्या गावात नवरा आहे, त्या गावात त्याच्याविरुद्ध वकील शोधणं म्हणजे काय, ते मी त्या उन्हाळ्यात शिकले. सगळे मला वहिनी म्हणत. सगळ्यांनी चहा पाजायची तयारी दाखवली. एकानं तर, "मी घेतो, पण बारा हजार आधी ठेवा," असं सांगितलं. जमणार नाही हे बघूनच त्यानं तो आकडा सांगितला, हे न कळण्याइतकी मी खुळी नव्हते. माझ्याकडं दोन पाटल्या होत्या आणि आईची गिरणीमागची एक खोली होती.

आणि माझी स्वप्नाली तिकडं होती. नऊ वर्षांची पोर. मी घर सोडलं त्या दिवशी ती शाळेत होती, आणि तिला आणायला गेले तर सासूबाईंनी आधीच नेलेली. "कोर्टाचा हुकूम आण आणि पोरगी ने," असं दिगंबरनं दारात उभं राहून मला ऐकवलं. हुकूम कसा अडवायचा ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! मधल्या सुट्टीत मी शाळेच्या कुंपणाशी जाऊन उभी राहायची. पहिले काही दिवस ती पळत यायची. मग आजीनं काय भरवलं देव जाणे, लांबूनच बघायची आणि वळायची. तारेत बोटं घालून मी उभी. लाज, राग, सगळं गिळून मी रोज जायची. हुकूम मिळेपर्यंत पोर मला विसरेल, एवढीच एक भीती मला तेव्हा होती. नवऱ्याचं मला काहीही नको होतं.

मान्यांकडून निघाले ती कोर्टाच्या आवारातल्या सिमेंटच्या बाकावर येऊन बसले. शेजारी एक बाई होती. माझ्याच वयाची, पस्तिशीची, पण उन्हानं रापून थोराड झालेली. मांडीवर दुधाच्या पिशवीत गुंडाळलेले कागद.

"तुम्हालाबी तारीख पडली व्हय?" तिनं विचारलं.

"मला अजून वकीलच मिळाला नाही."

"आगं बया! येवढे वकील हायती की हितं. माशा बऱ्या." मग तिनं मला वरखाली बघितलं. "नवऱ्याचं हाय काय?"

मी मान हलवली.

"मग त्या मुजावर वकिलाकडं जावा. झेरॉक्सच्या दुकानाच्या वर बसतो म्हातारा. पैशापायी अडवत न्हाई. माजा पयला वकील तिसऱ्या समन्साला उठून गेला. ह्यानं माजा दावा परत उभा करायचा अर्ज दिलाय." तिनं पिशवी सोडली. "शिकल्याल्या दिसताय. ह्यात काय लिवलंय तेवडं वाचून दावा की. वकील सांगत्यात, पर माज्या डोक्यात ऱ्हात न्हाई."

तिचं नाव तानुबाई. गाव वाघजाईवाडी, आमच्यापासून तीन कोसांवर. नवऱ्यानं दुसरी बाई आणून हिला पोरीसकट बाहेर काढलं होतं. हिनं पोटगीचा दावा लावला. नवरा त्याच वाडीत, हिच्या झोपडीपासून हाकेच्या अंतरावर. आणि तीन वेळा समन्स परत आलं होतं.

मी कागद हातात घेतला. अहवालाची नक्कल होती. वाचायला म्हणून पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

अक्षर माझं होतं.

हे आता सांगायलाच हवं. दिगंबरचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी नाझरसाहेबांनी, म्हणजे त्याच्या वरिष्ठांनी, त्याला झापलं होतं, की असले अहवाल साहेबांपुढं ठेवू कसे? तेव्हापासून दिवेलागणीला तो पिशवी माझ्यापुढं ओतायचा आणि मी ओट्याशी बसून लिहायची. शाळेत मला सुंदर हस्ताक्षराचं बक्षीस होतं, तालुक्यात पहिलं. लग्नानंतर त्या अक्षराला तेवढंच काम उरलं होतं. सही त्याची, अक्षर माझं. "शेटे, अक्षर सुधारलं की तुमचं," असं नाझरसाहेब म्हणाले, हे त्यानं घरी येऊन सांगितलं तेव्हा मी दोन दिवस हवेत होते.

तो सांगायचा ते मी लिहायची. 'समक्ष जाऊन चौकशी केली असता सदर इसम घरी मिळून आला नाही.' ज्या दुपारी तो समक्ष वाघजाईवाडीला गेला म्हणून मी लिहिलं, त्या दुपारी तो आमच्याच पलंगावर घोरत होता. मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. ज्याला समन्स चुकवायचंय तो येऊन काहीतरी देऊन जातो, हेही कळत होतं. कधी कोंबडा यायचा, कधी तांदळाचं पोतं. मी तो भात शिजवला. विचारलं मात्र कधीच नाही. उलट एकदा मला वाक्य कोरडं वाटलं, म्हणून मी माझ्या पदरचा एक शब्द घातला. 'बाहेरगावी गेल्याचे समजते' असं तो सांगायचा. मी लिहिलं, 'बाहेरगावी गेल्याचे खात्रीलायक समजते.' दिगंबर खूश झाला. "हे झकास केलंस," म्हणाला. मग तो शब्द प्रत्येक अहवालात पडायला लागला. बाकीचे बेलिफही तो उचलून घ्यायला लागले.

आणि आता तो शब्द तानुबाईच्या कागदावर होता. रेखीव, टपोरा, काना-मात्रा जागच्या जागी.

"वाचा की," ती म्हणाली.

मी वाचलं. सगळं वाचलं.

"खात्रीलायक म्हंजी?"

"म्हणजे... नक्की. अगदी नक्की कळलंय असं."

"हां," ती म्हणाली आणि कागद घडी घालून परत पिशवीत ठेवला. "किती नीट हात हाय न्हाई लिवणाऱ्याचा? मला वाचता येत न्हाई, पर बगितलं की कळतंय."

मी उठले. तिथूनच घरी जावं असं वाटलं. पण वकील तर मला हवाच होता, आणि गावात एवढा एकच उरला होता.

मुजावर वकिलांची खोली झेरॉक्सच्या दुकानावर, लाकडी जिना चढून. सत्तरीचे गृहस्थ, पांढरी दाढी, कोट खुर्चीच्या पाठीला अडकवलेला. त्यांनी चहा मागवला नाही. मला तेवढ्यानंच धीर आला.

"बेलिफ शेट्यांच्या मंडळी तुम्ही," ते म्हणाले. "बाकीच्यांनी नाही म्हटलं असेल."

"हो."

"मी म्हणणार नाही. माझी समन्सं तशीही पोचत नाहीत." मग त्यांनी टेबलावरून कोरे फुलस्केप आणि पेन माझ्याकडं सरकवलं. "माझी एक पद्धत आहे, बाई. पक्षकारानं आपली हकीकत आधी आपल्या हातानं लिहायची. लग्नापासून आजपर्यंत. तोंडानं माणूस चार गोष्टी वाढवतो. हातानं लिहिताना खोटं लिहायला माणूस थबकतो. तिकडं बाकावर बसा, घाई नाही. फीचं मग बघू."

मी पेनाकडं बघत राहिले. ह्याच टेबलावर तानुबाईची फाईल होती. तीन अहवाल ह्या म्हाताऱ्यानं शंभरदा वाचले असतील. मी एक ओळ लिहिली की झालं. शेवटचा वकीलही गेला, पोरगीही गेली.

"मला लिहिता येत नाही," मी म्हणाले.

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "बरं," एवढंच म्हणाले. "मग सांगा, मी लिहितो."

मी सांगितलं, त्यांनी लिहिलं. मग वकीलपत्र पुढं ठेवलं, शाईचा डबा उघडला. मी कागदावरून नजर फिरवली आणि तालुक्यात पहिल्या आलेल्या हाताचा अंगठा शाईत बुडवून त्या कागदावर उठवला. घरी येऊन कितीदा धुतला, निळेपणा दोन दिवस गेला नाही. आईनं विचारलं, "हे काय गं?" मी म्हटलं, "वकिलांची पद्धत आहे."

दावा दाखल झाला. घटस्फोट, पोरीचा ताबा आणि वकिलांनी आग्रहानं घातलेली पोटगी. दिगंबरच्या नावानं समन्स निघालं आणि त्यानं आजारपणाची रजा टाकली. समन्स त्याच्या जोडीदाराकडं, पवार बेलिफाकडं गेलं. दोघे रोज एका ताटात जेवणारे. महिन्यानं अहवाल आला. मुजावर वकिलांनी मला वाचून दाखवला, कारण मला वाचता येत नव्हतं ना!

"'समक्ष जाऊन चौकशी केली असता घरास कुलूप आढळून आले. सदर इसम मिळून आला नाही. मुंबईस बहिणीकडे गेल्याचे खात्रीलायक समजते.'"

माझ्याच शब्दानं माझा कान उपटला.

"अहो, तो इथंच आहे!" मी म्हणाले. "रोज सकाळी पोरीला शाळेत सोडतो. मी डोळ्यांनी बघते. कुलूप पुढच्या दाराला लावतात आणि मागच्या दारानं वावरतात."

"मी जजसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, अहवालावर दोन पंचांच्या सह्या आहेत, तुमच्या बाईंचं नुसतं म्हणणं आहे. पुन्हा समन्स काढू."

पुन्हा निघालं. पुन्हा परत आलं. जून उजाडला, शाळा नव्या वर्गाची सुरू झाली. कुंपणाशी गेले तर स्वप्नालीच्या अंगात नवा गणवेश, वेण्या मी घालायची तशा नव्हत्या. मी हाक मारली. ती आली नाहीच, शेजारच्या मुलीला काहीतरी सांगून दुसऱ्या बाजूला गेली. ती मुलगी मग माझ्याकडं येऊन म्हणाली, "स्वप्नाली म्हणते, तुम्ही आलात की तिला घरी ओरडा बसतो."

मी तिथून थेट मुजावर वकिलांकडं गेले आणि त्यांच्यापुढं रडले. आयुष्यात परक्या पुरुषापुढं पहिल्यांदा.

त्यांनी पाण्याचा ग्लास पुढं ठेवला. रडून होऊ दिलं. मग म्हणाले, "आता वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायची तर हजारो रुपये. तानुबाईला तेच जमलं नाही, म्हणून तिचा दावा निकालात निघाला. बाई, ह्या अहवालांची एक साखळी आहे. ते जागेवर न जाता कसे लिहिले जातात, हे आतलं कुणीतरी शपथेवर सांगितल्याशिवाय ती तुटायची नाही. गेली आठ वर्षं मी असा माणूस शोधतोय."

मी पदरानं तोंड पुसलं. तानुबाईची फाईल तिथंच होती, लाल नाडीची.

"ते अक्षर माझं आहे," मी म्हणाले.

त्यांनी फाईल पुढं ओढली.

"तिच्या तिन्ही अहवालांचं. तिच्याच नाही. कितीतरी. तो सांगायचा, मी लिहायची. तो जायचा नाही, हे मला माहीत होतं."

"हं," ते म्हणाले. "अक्षर कुणाचं हे मला माहीत नव्हतं. पण तुम्हाला लिहिता येतं, हे माहीत होतं. ज्याला वाचता येत नाही तो अंगठा देताना माझ्या तोंडाकडं बघतो. तुम्ही आधी कागद वाचलात."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमची हकीकत आहे. तुम्ही सांगायची." ते खुर्चीत मागं टेकले. "आता नीट ऐका. हे शपथेवर लिहून दिलंत तर दिगंबररावांवर चौकशी बसेल. नोकरी जाईल कदाचित. म्हणजे तुमची पोटगीही गेली. साहेब तुम्हालाही सोडणार नाहीत, भर कोर्टात विचारतील. गावात तोंड दाखवायची चोरी होईल. न लिहिता दुसरा मार्ग काढायचा तर वेळ लागेल, पण मी काढीन. वकील म्हणून मी तुम्हाला न लिहिण्याचाच सल्ला देईन."

"आणि माणूस म्हणून?"

"माणूस म्हणून मी सांगणारा कोण? मला कशाला सांगताय हे? माझं काय गेलं त्यात? जिचं गेलंय तिला सांगा."

दुसऱ्या दिवशी मी वाघजाईवाडीला गेले. एसटी फाट्यावर सोडते, तिथून पाऊण तास चाल. समक्ष जाऊन, समक्ष जाऊन, असं मी किती वेळा लिहिलं होतं, आणि ती वाट कशी आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. चढ आहे, मध्ये ओढा आहे. वेशीत पानाची टपरी होती. मी टपरीवाल्याला तानुबाईच्या नवऱ्याचं नाव घेऊन विचारलं, "ते कुठं भेटतील?"

त्यानं समोर बोट केलं. "ह्यो काय बसलाय."

बाकड्यावर एक माणूस तंबाखू मळत होता. मिळून आला. गावात पाऊल टाकल्यापासून दोन मिनिटांत मिळून आला.

तानुबाई झोपडीपुढं शेणी थापत होती. मला बघून हसली. "आगं बया, तुमी? वकील मिळाला न्हवं?"

"मिळाला. तुमच्यामुळं मिळाला." मी उभीच राहिले. ती बसा म्हणाली तरी बसवेना. उभ्याउभ्याच सांगितलं. कुणाची बायको, कुणाचं अक्षर, सगळं. त्या दिवशी बाकावर मी तिला माझंच लिहिलेलं वाचून दाखवलं, हेही.

तिचे हात शेणात तसेच. शिव्या देईल, शेण फेकून मारेल, असं मला वाटत होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"म्हंजी त्यो बेलिफ हितं आलाच न्हवता?"

"नाही."

"येकदाबी न्हाई?"

"एकदाही नाही."

तिनं हातातली शेणी खाली ठेवली. मग म्हणाली, "त्याच्या दारापुढनं जायची मला बंदी, आन दिसभर मी रानात. माजी पोर म्हनायची, आये, बा घरातच हाय, म्या आत्ता बगून आले. मी म्हनायची, कागदावर तर न्हाई म्हनलंय. सरकारी कागुद खोटं बोलंल व्हय? ती म्हनायची, आये, देवाशप्पत. तिसऱ्या बारीला म्या तिला लई मारली. फोकानं. खोटं बोलतीस म्हनून." तिनं मनगटानं नाक पुसलं. "तवापासनं पोरगी बोलतच न्हाई माज्यासंगं. इचारलं तर व्हय-न्हाई करती, तेवडंच."

माझ्या एका डौलदार शब्दापायी ह्या पोरीची पाठ फुटली होती. मी तिच्यापुढं त्या शेणातच बसले.

"मी लिहून देते," मी म्हणाले. "कोर्टात, शपथेवर. सगळं खोटं होतं म्हणून."

तिनं उठून रांजणातलं पाणी घेऊन हात धुतले. "लिवा," म्हणाली. "पर माज्या दाव्याचं काय ते मागनं लिवा. आदी येक लिवा. पोर खरं बोलत हुती, आसं लिवा."

मुजावर वकिलांच्या बाकावर बसून मी सहा पानं लिहिली. कुणी काही सांगत नव्हतं, तरी हात अडखळत होता. दहा वर्षांत माझ्या हातून तेवढं गचाळ कधीच लिहिलं गेलं नव्हतं. खाडाखोड झाली, दोनदा शाई फुटली. मुजावरांनी पानं चाळली आणि म्हणाले, "आता हे टाईप करायचं नाही. असंच जाऊ दे."

पुढचं थोडक्यात सांगते. जजसाहेबांनी मला भर कोर्टात उभं केलं आणि माझ्या हातून पुन्हा एकदा 'मिळून आला नाही' हे वाक्य लिहून घेतलं, ताडून बघायला. मागं वकील मंडळी बसलेली, मानेही होते. "सुशिक्षित बाई तुम्ही," साहेब म्हणाले, "हे लिहिताना हात कसा धजला?" हा प्रश्न मी अजून स्वतःला विचारते. दिगंबरचं समन्स नाझरसाहेबांनी स्वतः जाऊन त्याच्या हातात दिलं, मागच्या दारानं जाऊन. चौकशी बसली, त्याची नोकरी गेली, पोटगीवर मी पाणी सोडलं. माझ्या त्या जबानीपासून कोर्टात मला कुणी वहिनी म्हटलं नाही. स्वप्नालीचा तात्पुरता ताबा दिवाळीच्या आधी मिळाला. ती आली, पण माझ्या कुशीत झोपायला तिला आणखी एक वर्ष लागलं. घटस्फोट त्याच्या पुढच्या साली झाला. फीचं विचारलं तर मुजावर म्हणाले, "माझे निम्मे पक्षकार अंगठेबहाद्दर आहेत. त्यांच्या हकीकती मला लिहाव्या लागतात आणि माझा हात आता कापतो." मग मी रोज दुपारी तिथं बसून लोकांच्या हकीकती लिहायला लागले. ते जाऊन अकरा वर्षं झाली. कोर्टाच्या फाटकाशी माझं टेबल अजून आहे.

पण मला सांगायचाय तो दिवस वेगळाच. तानुबाईचा दावा परत उभा राहिला, त्या दिवसाचा.

ती पोरीला घेऊन आली होती. बारा-तेरा वर्षांची, किडकिडीत, केस घट्ट बांधलेली, आईपासून हातभर लांब उभी. स्वप्नाली माझं बोट धरून होती. तानुबाईनं दुधाच्या पिशवीतून माझ्या प्रतिज्ञापत्राची नक्कल काढली आणि पोरीपुढं धरली.

"हे वाच."

"काय हाय?"

"वाच म्हनते न्हवं. मला येत न्हाई."

पोरीनं कागद घेतला. ओळीखाली बोट ठेवून ती पुटपुटत वाचायला लागली. पहिल्या पानावर, माझ्या नावानंतर लगेच, मी ते लिहिलं होतं. तिथं तिचं बोट थांबलं. मग पुन्हा ओळीच्या सुरुवातीला गेलं, आणि ह्या वेळी ती मोठ्यानं वाचायला लागली, सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं.

"'वाघजाईवाडी येथील तानुबाई हिची मुलगी हौसा हिने तिन्ही वेळा वडील घरी असल्याचे सांगितले होते. ती खरे बोलत होती.'"

तानुबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. पोरगी दचकली, पण सरकली नाही. कागदाकडंच बघत राहिली. मग मान वर करून तिनं मला विचारलं, "हे कुनी लिवलंय?"

माझ्या बोटावरची स्वप्नालीची पकड घट्ट झाली. तीही माझ्याकडं बघत होती.

"मी," मी म्हणाले. "आधीचंही मीच लिहिलं होतं."